धरलेली जागा

त्या रविवारी रत्नागिरी स्टँडवर आप्पांनी पावसला जाणाऱ्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून ऋजुतासाठी जागा धरली. बापलेक भाट्याला उतरून किनाऱ्याने चालणार होते.

"आप्पा, लोक हसतात हो," म्हणत ती पार पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"हसूदेत. बापाशेजारी बसून झिजत्येस काय?"

मंगळवारी ते गेले. निळ्या काठाचा तो रुमाल तिने चितेवर त्यांच्याबरोबरच पाठवला.

महिन्याभराने ती एकटीच भाट्याला निघाली. गाडीत माणसं उभी होती, तरी मधली एक दोघांची सीट रिकामीच होती. तिच्यावर, खिडकीपाशी, निळ्या काठाचा रुमाल होता.

असे रुमाल बाजारात ढिगाने मिळतात, तिने स्वतःला बजावलं.

"कुणाचा हो हा?"

"जागा धरलेली आहे," कंडक्टर म्हणाला.

"कुणी धरली?"

तो तिकिटं फाडत पुढे सरकला. ह्याला कुणी पढवलं असेल? कोण करतंय असली चेष्टा? चिडून तिने रुमालाला हात घातला. रुमाल कोमट होता. अलीकडच्या रिकाम्या जागेचं रेक्झिन मात्र खोल दबलेलं होतं.

मागे रिकामी टोपली घेऊन उभी असलेली मासेवाली हळूच म्हणाली, "बस गो बाय. मगासधरनं तुज्यासाठी हात ठेवून हायत ते."

ऋजुताने दांडी घट्ट धरली. गाडी हलली.

"सरका आप्पा," ती मोठ्याने म्हणाली, "मला तुमच्याच शेजारी बसायचंय."