रविवारची कमाई

"ज्या गाढवानं तुझी मदत कापली, त्याचा कान पिळल्याशिवाय मी इथून हलायचा नाही," एलेउतेरिओ म्हणाला.

"हळू बोला, आपा," लेक बापाला म्हणाली. "सगळे बघतायत."

बघेनात का! विद्यापीठाच्या मदत-कचेरीत बापलेक सकाळपासून ताटकळत होते. एलेउतेरिओनं लग्नाकार्यातली टोपी चढवली होती आणि मांडीवर कॉफीचा जुना पत्र्याचा डबा धरला होता. संध्याकाळपर्यंत फी भरली नाही, तर सितलालीची जागा दुसऱ्याला जाणार होती. घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच पोर. सरकारी मदतीतून सगळी फी सुटेल, असं शाळेतल्या बाईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि आले काय, तर सहा हजार डॉलर कमी.

"चेमाच्या यादिराला पुरी मदत," त्याची टकळी पुन्हा सुरू झाली. "तो चेमा! माझ्याच शेडमध्ये संत्री भरतो, माझ्याएवढाच पगार. रविवार उजाडला की अंगणात खुर्ची टाकून घोरतो. त्याच्या पोरीला पुरी आणि माझ्या पोरीला अर्धीमुर्धी? हा कुठला न्याय?"

"तुम्ही तरी रविवारी कुठे घरी असायचात?" सितलाली म्हणाली. "मी दहावीत होते तेव्हा वर्षभर रामिरोकाकांकडे बेसबॉल बघत बसलात. आई अजून टोमणे मारते."

"मारू दे." एलेउतेरिओचं हसू मिशीत मावेना. गुपित आज फोडायचं, हे त्यानं घरूनच ठरवलं होतं. "कसला बेसबॉल नि कसलं काय! रविवारी शेडमध्ये जादा पाळी करत होतो. दुप्पट मजुरी मिळायची. घे, हे तुझ्या कॉलेजचे. चार हजार आहेत."

सितलालीनं डबा पोटाशी धरला. पंधराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना बाप उठून गेला, म्हणून तिनं रडून गोंधळ घातला होता. आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती.

"आणि मी तुम्हाला काय काय बोलले, आपा!"

"वेडी आहेस. डोळे पूस. आणि हे बघ, यात चोरीचं काही नाही हं. एकेका डॉलरवर कर भरलाय. ताठ मानेनं द्यायचे."

"पण उरलेले दोन हजार?"

"हप्ते मागू."

"पुढच्या वर्षी पुन्हा कमी पडले तर?"

"पुढच्या वर्षी रविवार नाहीत का?" तो म्हणाला, आणि ती डोळे पुसता पुसता हसली.

तेवढ्यात नाव पुकारलं. खिडकीमागं हॅलोरनबाई होत्या, पिकल्या केसांच्या. एलेउतेरिओनं आधी रोसाउरानं पहाटे उठून वाफवलेले मक्याच्या पिठाचे तमालेस पुढं सरकवले. बायको म्हणाली होती, भांडायला जाताय तर रिकाम्या हातानं जाऊ नका.

"गरम आहेत तोवर खाऊन घ्या, बाई. पण आधी सांगा, पोरीची मदत कापली कुणी?"

बाई हसल्या. डब्यातले चार हजार मोजून घेतले, बाकीचे हप्ते बांधून दिले. "जागा कुठं जात नाही हो तुमची," म्हणाल्या. सितलालीनं बापाचा दंड घट्ट धरला.

मग बाईंनी पडद्यावर नजर फिरवली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, कापली अशी कुणीच नाही. दोन वर्षांपूर्वीची घरची कमाई बघून मदत ठरते. आकडे करखात्याकडून सरळ येतात. तुमची कमाई त्या वर्षी मर्यादेच्या जराशी वर गेलीय. जराशीच हो! तेवढी गेली नसती, तर पोरीची सगळी फी माफ होती. त्या वर्षी काही विशेष घडलं होतं का?"

"काही नाही," सितलाली घाईघाईनं म्हणाली. "काहीसुद्धा नाही."

एलेउतेरिओनं टोपी काढून रिकाम्या डब्यावर ठेवली आणि स्वतःचाच कान धरून करकचून पिळला.