पाचही पास

टोंगातल्या त्या चिमुकल्या बेटावर शाळा सहावीपर्यंतच होती. सरकारी परीक्षेत पास झालेलं मूल बोटीनं राजधानीच्या मोठ्या शाळेत जायचं आणि मग नाताळलाच घरी दिसायचं. मेलेनाइते सहावीला शिकवायची. यंदा तिच्या पाच मुलांत तिची एकुलती एक लेक लुसेआनेही होती. नवरा गेल्यापासून घरात या दोघीच.

परीक्षेला महिना उरला असताना लुसेआनेनं वही तिच्यापुढे सरकवली.

"आई, सगळे म्हणतात, तू मला मुद्दाम कच्चं ठेवतेयस."

"कोण सगळे?"

"कोणी नाही. मीच म्हणते."

मेलेनाइतेनं वही चाळली. बाकीच्या चौघांकडून ती अपूर्णांक घोटून घेत होती, आणि लेकीला मात्र रोज येत असलेल्याच बेरजा घालत होती. हे तिचं तिलाही उमगलं नव्हतं.

"बस इथे," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिनं लेकीला दम घेऊ दिला नाही.

पाचही पास झाली. बोट सुटली तेव्हा धक्क्यावर जो तो बाईंचं कौतुक करत होता. लुसेआनेचा हलणारा हात दिसेनासा झाला तरी मेलेनाइते तिथेच उभी राहिली. गर्दी पांगल्यावर पाचवीतल्या सेमिसीची आई जवळ आली आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, पुढच्या वर्षी आमच्या सेमिसीला जरा बेताबेतानंच शिकवा."

मेलेनाइतेनं तिचा हात घट्ट धरला, पण हो काही म्हटलं नाही.