बोडीतला पंखा

नौदलात असताना चैतराम अलिझे विमानात मागे बसायचा. विमान जहाजावरून उडायचं, समुद्रात पाण्याखालचा आवाज टिपणारे तरंगते बोये टाकायचं आणि हा हेडफोन लावून खालच्या पाणबुडीचा पंखा ऐकायचा. विमानं भंगारात निघाली तेव्हा त्यातला एक बोया त्याने आपल्या गावी, गोरेगावला आणला.

यंदा उन्हाळी धान उभा असतानाच शेतातली बोडी, म्हणजे छोटं तळं, आटू लागली. शेजारचा छोटेलाल चोरून मोटर लावतो, असा चैतरामला संशय होता. भर दुपारी त्याने बोयाला ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. बायको, रुख्मा, तो धरून गुडघाभर पाण्यात उभी राहिली. हा काठच्या पाळीवर हेडफोन लावून बसला.

“मोटर आहे का?” तिने विचारलं.

“पंखा आहे. पाच पात्यांचा.”

“सकाळपासून लाइनच नाही. मोटर चालंल कशी?”

“मोटर नाही होय थे. जवळ येऊन राहिला.”

रुख्मा हसली. चैतरामने एकदम हात वर केला.

“का झालं?”

“बंद झाला.”

“मंग बरंच झालं ना!”

“वरून कोनी ऐकून राहिला हे समजलं, का थे पाणबुडीवाले पंखा बंद करतेत,” तो हळूच म्हणाला.

रुख्मा अजून पाण्यातच होती.