मघाचे शब्द

“मावशी, मी पाच शब्द म्हणतो. नीट ऐका. थोड्या वेळानं परत विचारणार आहे हं,” डॉक्टर म्हणाले.

आईनं मान डोलावली. तिच्या मागे, भिंतीला लागून ठेवलेल्या खुर्चीत मुलगी बसली होती. नातेवाइकांनी मागे बसायचं आणि खोकायचंसुद्धा नाही, असा नियम. इतकी वर्षं हा नियम तीच लोकांना सांगत आली होती. याच खोलीत, याच टेबलाच्या पलीकडे बसून ती म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायची. या तपासणी केंद्रात सगळे तिला ताई म्हणत. आणि या ताईच्या घरी आई तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायला लागली, तेव्हा तिला वाटलं होतं, वय झालंय, दुसरं काय! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

“पूल, साबण, मांजर, कुलूप, चेंडू,” डॉक्टर म्हणाले.

आईनं पाचही शब्द लगेच म्हणून दाखवले. त्यात विशेष काही नव्हतं. खरी परीक्षा नंतर असते.

ही यादी मुद्दाम वेगळी घेतली होती. ताईनंच तसं सांगितलं होतं. नेहमीची यादी आईच्या कानांवरून गेलेली होती. ताई नोकरीला लागली तेव्हा शब्द गोष्ट सांगितल्यासारखे म्हणायची, अन् तिथेच बोलणी खायची. ते कोरडे, एका ठेक्यात म्हणायचे असतात. मग आईनं स्वयंपाकघरात तिच्याकडून ते घोटून घेतले. ओट्यावर बोटानं ठेका धरायची आणि म्हणायची, “हं, आवाज चढला. पुन्हा म्हण.” पाढ्यांपासून हिचं सगळं पाठांतर आईनंच घेतलेलं. तेव्हा आज आईला ती यादी विचारणं म्हणजे पेपर फोडणंच झालं असतं. कामाच्या बाबतीत ताई पक्की खडूस होती.

संशोधनाच्या नव्या गटात एकच जागा उरली होती. ज्यांचं विसरणं अजून सौम्य आहे, त्यांनाच त्यात घेणार होते. दिवसभर केंद्रात ठेवून त्यांना चालवायचं, कोडी घालायची, गाणी म्हणायला लावायची, आणि विसरणं थोडं लांबवता येतं का ते बघायचं. पाचांतले दोन शब्द आठवले तरी आईला जागा मिळणार होती. नाही आठवले तर आई घरी. आणि आई घरी म्हणजे ताईचीही नोकरी संपली, कारण आता तिला एकटी ठेवायची सोयच नव्हती.

ताईच्या नाकी नऊ आले होते. गॅस बंद केला का, म्हणून निम्म्या वाटेवरून परत फिरायचं. शेजारणीच्या विनवण्या करायच्या. फोनवर तेच उत्तर, तोच प्रश्न, परत तेच उत्तर. परवा ती आईवर खेकसली आणि मग मोरीत नळ सोडून रडली. दुसऱ्यांच्या आयांशी दिवसभर गोड बोलायचं आणि आपल्या आईच्या वाटणीला उरलेली चिडचिड, याची तिला लाज वाटे.

आजसुद्धा आई यायला तयार नव्हती. “मला काय धाड भरलीय?” हे एकच पालुपद. शेवटी ताईनं थाप मारली, “अगं, माझी तपासणी आहे. एकटीला भीती वाटते. सोबत चल ना.” पुढच्या क्षणाला आई चपला घालून दारात उभी.

डॉक्टरांनी आईकडून घड्याळाचं चित्र काढून घेतलं. काटे जरा भलतीकडे गेले, पण चालण्यासारखं होतं. वार बरोबर आला, महिना चुकला. मग त्यांनी पेन सरळ केलं.

“आता मघाचे शब्द सांगा, मावशी.”

ताई मनातल्या मनात ओरडत होती, पूल, अगं पूल, साबण! ओठ हलू नयेत म्हणून तिनं ते दातांखाली धरले. तेवढ्यात आईनं वळून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. नियमाप्रमाणे ताईनं मान खाली घातली.

आई पुन्हा टेबलाकडे वळली आणि बोटानं ठेका धरत म्हणाली, “खिडकी, लिंबू, घोडा, दोरी, आरसा.”

ना अडखळणं, ना आवाज चढणं. शब्द कसे अगदी कोरडे, एका ठेक्यात.

ही जुनी यादी होती. आजचा त्यात एकही शब्द नव्हता. वेगळी यादी घ्या असं ताईनंच सांगितलं नसतं, तर आज आईला पैकीच्या पैकी मिळाले असते. गेली जागा. शहाणपणा नडला.

“बरं,” डॉक्टर म्हणाले. तपासताना एवढंच म्हणायचं असतं. पण त्यांना राहवलं नाही. “मावशी, हे शब्द कुठले हो?”

आई टेबलावर वाकली. मागच्या खुर्चीत ऐकू जाऊ नये इतका आवाज तिनं खाली आणला.

“हिचेच की. घरी अगदी चोख म्हणते हो. आज आठवेनात, बघा ना, मान खाली घालून बसलीय, म्हणून मी सांगितले. हल्ली फार दमते पोर, म्हणून विसरते. तेवढं तिला पास करा, आणि आज लवकर घरी सोडा.”