सिन्नरवरच्या घिरट्या

"काका, वर बघा! आपल्या मृण्मयीचं विमान!" शेजारची शलाका मोबाइल घेऊन धावतच आत आली. धुक्यामुळे मुंबईची धावपट्टी बंद होती, म्हणून विमानाला हवेतच थांबवून ठेवलं होतं. मोबाइलच्या नकाशावर ते सिन्नरभोवती घिरट्या घालत होतं.

दिगंबररावांनी पलंग खिडकीशी ओढला आणि कुमुदताईंचं डोकं अलगद उचलून आपल्या खांद्यावर टेकवलं. डॉक्टरांनी कालच आशा सोडली होती. लेकीला पाहिल्याशिवाय जायचं नाही, एवढ्या जिद्दीवर कुमुदताईंचा श्वास चालला होता. वर निळ्या आभाळात विमानामागची पांढरी रेघ गोल गोल फिरत होती.

"आलीच की," कुमुदताई पुटपुटल्या. "घराभोवती फिरतेय बघा. मग खाली का येत नाही?"

"येईल गं. परवानगी मिळाली की येईल."

पाचव्या फेरीला खांद्यावरचं डोकं एकाएकी जड झालं. दिगंबररावांनी वळून पाहिलं. कुमुदताईंचे डोळे आभाळाकडेच उघडे राहिले होते. आणखी एक फेरी मारून विमान पश्चिमेकडे वळलं.

तासाभराने फोन वाजला. "बाबा, उतरले एकदाची! टॅक्सी करून सुसाट येते. आईला सांगा, फक्त चार तास!"

"तिनं तुझं विमान बघितलं, बाळा. तू आलीस म्हणाली." दिगंबरराव म्हणाले, "आता घाई नको करूस. सावकाश ये."