पाण्यातलं नाव

खाडीभर मेलेले मासे तरंगत होते आणि काठावर कोळी कारखान्याच्या मॅनेजरला वल्ह्यांनी झोडपत होते. भालचंद्र सगळ्यांत पुढे होता.

त्याची बहीण हेमांगी सरकारी तपासनीस. तिने पाण्याचा थेंब यंत्रात सोडला. यंदापासून दुकानात विकल्या जाणाऱ्या विषाच्या प्रत्येक बाटलीत गिऱ्हाइकाची खूण मिसळलेली असे. विष ओतलं, की पाणीच नाव सांगे.

"ताई, यंत्र कशाला? हाच तो!" भालचंद्र ओरडला.

पडद्यावर नाव उमटलं. काल जाळं न भिजवता भावाने टोपलीभर जिताडे मासे आणले, तेव्हा तिने काहीच विचारलं नव्हतं. आता रक्तात पडलेला मॅनेजर हलतही नव्हता.

"नाव तुझं आलंय, भालू," ती म्हणाली.

उगारलेली वल्ही खाली आली नाहीत. नुसती वळली.