बिघडलेलं गाणं

स्वतः लिहून स्वतः गाणारी आईची लाडकी गायिका वारली, त्या दुपारी आई जुन्या कॅसेटचं खोकं घेऊन बसली. बाईंचं नवं गाणं लागलं की आई रेडिओपुढे टेपरेकॉर्डर ठेवून ते टेप करायची. तेवढा वेळ घरात शिंकायचीही चोरी असायची.

"आई, ही सगळी गाणी फोनवर आहेत. एकदम स्वच्छ आवाजात," मुलगा म्हणाला.

"स्वच्छ नको रे मला."

एकेक कॅसेट लावत, पुढे ढकलत शेवटी तिला हवं ते गाणं सापडलं. बाईंचं कडवं संपलं, मधलं संगीत सुरू झालं आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज घरात घुमला. त्याच चालीत त्यांनी स्वतः रचलेल्या दोन ओळी घुसवल्या होत्या, आईच्या रुसव्यावर. पाठोपाठ आईचा आवाज आला, "अहो, गप्प बसा ना! वाट लावलीत गाण्याची."

मुलगा खो खो हसला. "भारीच! अजून कुठल्या कॅसेटमध्ये आहेत बाबा?"

आईनं भरलेल्या खोक्याकडे पाहिलं.

"कुठल्याच नाही. त्यानंतर रेडिओ लावला की ते आपणहून बाहेर जाऊन बसायचे."